पोथीतली वाट आणि पडद्यावरचा बाण

एकाच मालिकेतील आधीच्या आणि नंतरच्या कृतींची तुलना करताना आपली समीक्षा बहुधा दोनच रूपकांचा आश्रय घेते. एक विकासाचे, दुसरे ऱ्हासाचे. ‘मुक्तामाला’कडून ‘पण लक्षात कोण घेतो?’कडे झालेला प्रवास म्हणजे अद्भुताकडून वास्तवाकडे झालेली प्रगती, ही मांडणी पाठ्यपुस्तकांनी रूढ केली. त्याउलट, पूर्वीचे ते अस्सल आणि आताचे ते बाजारू, हा सूर साहित्यसंमेलनांच्या मांडवांत नित्य ऐकू येतो. दोन्ही रूपकांत एक सोय आहे. कृतीच्या अंतर्गत रचनेत नेमके काय बदलले, हे पाहण्याचे कष्ट त्यांमुळे वाचतात. ते कष्ट घ्यायचे ठरवले तर काय हाती लागते, हे मी येथे एका अनपेक्षित उदाहरणाच्या आधारे तपासणार आहे. हे उदाहरण ग्रंथालयातले नाही. संगणकाच्या पडद्यावरचे आहे.

‘द एल्डर स्क्रोल्स’ ही अमेरिकेतील बेथेस्डा या संस्थेची अद्भुतकथात्मक रोल-प्लेइंग खेळांची मालिका. खेळणाऱ्याने एक भूमिका धारण करायची आणि कल्पित भूप्रदेशात मनास येईल तसे हिंडायचे, हे तिचे सूत्र. ‘अरेना’ (1994), ‘डॅगरफॉल’ (1996), ‘मॉरोविंड’ (2002), ‘ऑब्लिव्हियन’ (2006) आणि ‘स्कायरिम’ (2011) ही तिची प्रमुख पुष्पे. त्यांपैकी ‘मॉरोविंड’ आणि ‘स्कायरिम’ या दोहोंचा विचार मला करायचा आहे. पहिला खेळ मी एम.ए. झाल्यानंतरच्या रिकाम्या वर्षात थोरल्या भावाच्या संगणकावर खेळले. दुसरा त्याच भावाच्या मुलाने, सानपाड्याच्या आमच्या घरी सुट्टीत येऊन, माझ्या शेजारी बसून खेळला.

‘मॉरोविंड’मध्ये बाल्मोरा नावाचे एक गाव आहे. तेथून खेळणाऱ्याला प्राचीन अवशेषांत एक वस्तू शोधायला पाठवतात. कोठे जायचे ते एक पात्र शब्दांत सांगते. गावातून दक्षिणेस निघावे, नदी ओलांडावी, पुढे लाव्हाच्या कोरड्या घळीवरचा पूल लागेल, तो ओलांडला की अवशेष दिसतील. दार आपोआप उघडणार नाही, जवळच्या नळाचा दांडा फिरवावा लागेल. हे सारे पडद्यावर लिखित स्वरूपात येते आणि खेळातल्या रोजनिशीत नोंदले जाते. याखेरीज दुसरी खूण नाही. त्या घळीला त्या प्रदेशात ‘फोयाडा’ म्हणतात. हा शब्द ठाऊक नसेल तर पुढची कित्येक मार्गदर्शने निरर्थक ठरतात, आणि ठाऊक झाला की सबंध बेटाची रचना उमगू लागते. रोजनिशीतील नोंदी मुळात केवळ कालक्रमाने येत. कामागणिक त्या वेगळ्या पाहण्याची सोय त्याच वर्षीच्या ‘ट्रिब्यूनल’ या पुरवणीने दिली. म्हणून मी एक शंभरपानी वही घेतली आणि प्रत्येक वाट मराठीत उतरवून ठेवू लागले. काही ठिकाणी सांगितलेली दिशाच चुकीची निघे. तेव्हा सांगणाऱ्याचा शब्द आणि समोरची भूमी यांचा मेळ घालण्याचे काम माझ्यावर येई.

पुढे अध्यापनास लागल्यावर हे काम मला परिचित का वाटले, ते ध्यानात आले. महानुभाव वाङ्मयातील ‘स्थानपोथी’ आपण भाषिक आणि सांस्कृतिक इतिहासाचे साधन म्हणून शिकवतो. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले. श्रीचक्रधरांचे वास्तव्य कोठे कोठे झाले, गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, चौकात आसन कोठे, वसती कोठे, अवस्थान कोठे, याची ही शब्दबद्ध नोंद. ‘आसन’, ‘वसती’, ‘अवस्थान’ ही पदे येथे केवळ वर्णनात्मक नाहीत. बसणे, रात्र काढणे आणि मुक्काम करणे यांतील भेद ती काटेकोरपणे सांभाळतात. विद्यार्थ्यांना ही पोथी रुक्ष वाटते, आणि त्यांचे चुकते असेही नाही. तीत कथा नाही, भावना नाही, अलंकार नाही. तिचा वाचक मात्र पायी चालणारा आहे. वाचन पुरे होते ते पानावर नव्हे, जागेवर. एस्पेन आर्सेथ याने ‘सायबरटेक्स्ट’ (1997) या ग्रंथात, ज्या संहितेतून पार होण्यासाठी वाचकाला डोळे फिरवण्यापलीकडचे क्षुल्लक नसलेले श्रम करावे लागतात, अशा संहितांचा स्वतंत्र विचार केला. त्याने चिनी ‘यिजिंग’चे उदाहरण घेतले. आपण ‘स्थानपोथी’चे घेऊ शकतो.

‘स्कायरिम’मध्ये चित्र पालटते. (हा पालट वस्तुतः ‘ऑब्लिव्हियन’पासूनच सुरू झाला.) पडद्यावर होकायंत्राची पट्टी असते आणि तीवर खुणेचा बाण. काम स्वीकारले की बाण उमटतो. त्याच्या रोखाने चालत राहिले की स्थळ येते. एकदा पाहिलेल्या जागी नकाशावर बोट ठेवूनही पोहोचता येते. पात्रे बोलतात, आणि सारे संवाद ध्वनिमुद्रित असल्याने खरोखरच आवाजात बोलतात. पण वाट सांगत नाहीत. एक पात्र बोलत असताना माझा भाचा ते मध्येच तोडून पुढे निघाला. मी म्हटले, “अरे, त्याचं ऐकून तरी घे.” त्यावर तो म्हणाला, “आत्या, बाण आहे ना! मग ऐकायचं कशाला?”

या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्या संहितेचे ते अचूक वाचन होते. जे ऐकल्यावाचून काही अडत नाही, ते ऐकण्याची सक्ती संहिताच करीत नाही. बाण नको असेल तर तो बंद करावा, असा उपाय पुष्कळदा सुचवला जातो. तो मला अपुरा वाटतो. बाण दिसेनासा झाला म्हणून ‘स्कायरिम’चे ‘मॉरोविंड’ होत नाही, कारण ‘स्कायरिम’मधील पात्रांची भाषणे बाण आहे असे गृहीत धरूनच लिहिलेली आहेत. बाण काढला की त्यांच्या बोलण्यात वाट उरत नाही. उरते ती उणीव. वोल्फगांग ईझर संहितेतील ज्या रिकाम्या जागांविषयी बोलतो, त्या वाचकाने भराव्यात अशा योजलेल्या असतात. येथली जागा आधी यंत्राने भरलेली होती, ती नंतर उघडी पडली. दोहोंतला भेद मूलगामी आहे. तुलना करायची ती सुविधांची नव्हे. शब्दाकडे संहिता कोणते कार्य सोपवते, याची.

शब्दाकडचे हे कार्य कमी होण्यामागे एक भौतिक कारणही आहे. ‘मॉरोविंड’मध्ये अभिवादनासारखी मोजकी वाक्ये सोडली तर संभाषण लिखित आहे. लिखित वाक्याला खर्च थोडा. उच्चारलेल्या प्रत्येक वाक्यासाठी नट, ध्वनिमुद्रण आणि साठवणुकीची जागा लागते. साहजिकच बोलणे आखूड होते आणि एकाच गोष्टीविषयी दहा जणांनी दहा परींनी बोलणे परवडेनासे होते. ‘मॉरोविंड’चे मर्म तर त्या दहा परींतच होते. नेरेवार नावाचा प्राचीन सेनानी कसा मेला, हा त्या कथेचा गाभ्याचा प्रश्न. मंदिराचे धर्मग्रंथ एक सांगतात, राखाडी माळांवरच्या भटक्या टोळ्या दुसरे सांगतात, स्वतः देव म्हणवणारा विवेक तिसरे सांगतो. त्याच्या नावावरच्या छत्तीस प्रवचनांत तर आकड्यांची किल्ली लावल्यास उलगडणारी हत्येची कबुली दडवलेली आहे. खेळ यांपैकी कोणतेही एक कथन प्रमाण ठरवीत नाही.

‘लीळाचरित्रा’च्या अभ्यासकाला येथे ओळखीचे काही आढळेल. मूळ पोथी नष्ट झाल्यावर निरनिराळ्या व्यक्तींच्या स्मरणातून लीळा पुन्हा सिद्ध झाल्या, अशी पंथाची परंपरा आहे. त्या स्मरणांतील भेद परंपरेने पुसले नाहीत. त्यांना ‘वासना’ म्हणून नावानिशी नोंदवले. पाठभेदाला वासना म्हणणे ही मला आपल्या भाषेतली एक मोठी समीक्षात्मक जाणीव वाटते. कोणी काय आठवावे, यात आठवणाऱ्याचे मन गुंतलेले असते, हे त्या एका पदाने मान्य केले. ‘मॉरोविंड’च्या वाचकालाही अशाच वासनांतून वाट काढावी लागते. बाण मात्र वासना जाणत नाही. त्याला एकच पाठ ठाऊक असतो.

येथवरचे विवेचन ऱ्हासाच्या रूपकाकडे झुकते आहे, याची जाणीव मला आहे. म्हणून दुसरी बाजू पुरतेपणी मांडणे आवश्यक ठरते. मी ज्या शब्दांचा गौरव करते आहे ते शब्द इंग्रजी होते. या मालिकेतील कोणताही खेळ अधिकृतपणे मराठीत आलेला नाही. माझ्या वहीतल्या वाटा मराठीत उतरल्या त्या मला इंग्रजी वाचता येत होते म्हणून. माझ्या वर्गात जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेले विद्यार्थी असतात. त्यांच्यापैकी कोणी ‘मॉरोविंड’ उघडला असता, तर बाल्मोराच्या वेशीपाशीच अडखळला असता; ‘स्कायरिम’ मात्र तो खेळू शकतो, आणि खेळतोही. बाणाला भाषा लागत नाही. शब्दाचे राज्य संपले, अशी हळहळ व्यक्त करताना त्या राज्यात नागरिकत्व कोणाला होते, हा प्रश्न टाळता येत नाही. संस्कृतातल्या ज्ञानाविषयीही हाच प्रश्न महानुभावांनी विचारला होता, आणि म्हणूनच ‘लीळाचरित्र’ मराठीत सिद्ध झाले.

दुसरे असे की, ‘स्कायरिम’ने वाचन नाहीसे केले असे म्हणणेही अचूक नाही, त्याने वाचनाचा विषय बदलला. बाणाकडे दुर्लक्ष करून, कोणतेही काम हाती न घेता भाचा तासन् तास नुसता हिंडे. दूरच्या कड्यावर उभे भग्न मंदिर, एखादा धूर, बर्फात गेलेली पावले यांवरून तो तर्क करी. मूकपणे मांडलेल्या सांगाड्यांवरून आणि उलथलेल्या भांड्यांवरून तेथे काय घडले असावे, ते मला सांगे. ‘मॉरोविंड’मधल्या धूसर क्षितिजात हे शक्य नव्हते. शब्दाने सोडलेले काही काम तेथे भूदृश्याने उचलले आहे. आणि ‘स्कायरिम’मधल्या कपाटांत शेकडो पुस्तके आहेत, त्यांतील कित्येक ‘डॅगरफॉल’पासून जशीच्या तशी चालत आलेली. जुनी संहिता नव्याने टाकून दिली नाही, जपली. फक्त ती वाचल्यावाचून आता कोणाचे अडत नाही. पदव्युत्तर मराठीच्या अभ्यासक्रमाकडे पाहिले, तर हे वाक्य आपल्यालाही लागू पडते, हे मान्य करावे लागेल.

मग निवड शब्द की बाण, अशीच आहे काय? ‘स्थानपोथी’ची परंपरा यापेक्षा अधिक प्रगल्भ उत्तर देते, असे मला वाटते. पोथीतली देवळे पडली, झाडे गेली, गावांची रूपे बदलली. तेव्हा पंथाने स्थानांवर ओटे बांधले. ओटा हा बाणच आहे: हीच ती जागा, असे तो अक्षर न वाचणाऱ्यालाही सांगतो. परंतु तेथे काय घडले, ते तो सांगत नाही. त्यासाठी लीळा ऐकावी लागते. ओट्याने पोथी अनावश्यक केली नाही. भाविकाला जागेवर आणून त्याने पोथीची गरज उत्पन्न केली. ओटा आणि पोथी यांत श्रमविभाग आहे. ‘स्कायरिम’मधील बाण आणि संवाद यांत तो नाही. तेथे बाण वाटही दाखवतो आणि स्थळी पोहोचल्यावर पुढचाही बाण दाखवतो.

मी राहते त्या सानपाड्यात सिडकोने आखलेले सेक्टर आणि भूखंडांचे क्रमांक आहेत. वस्तू पोहोचवणारी मुले फोनवरच्या ठिपक्याच्या आधारे बिनचूक दाराशी येतात. जुन्या गावठाणातला पत्ता अजूनही देऊळ, पिंपळ, कोणाचे तरी घर अशा शब्दांनी सांगितला जातो, आणि तो ऐकताना त्या घराविषयी दोन गोष्टी कळतात. माणूस दाराशी पोहोचावा, यासाठी पहिली पद्धत सरस आहे, याविषयी मला संदेह नाही. माझी चिंता तेवढ्यापुरती नाही. वाट सांगणे ही भाषेची फार जुनी कामगिरी आहे. क्रियापदे, दिशावाचके, परसर्ग, संकेतार्थी वाक्ये तीतच घासली जाऊन घडली. ती कामगिरी भाषेकडून काढून घेतली की भाषेकडे शोभा उरते, आणि केवळ शोभेसाठी उरलेल्या भाषेचे मध्येच तोडून पुढे जाणे हे अपरिहार्यच होय.

‘ऐकायचं कशाला?’ हा प्रश्न त्यामुळे वाङ्मयाच्या अध्यापकाने मनाला लावून घेण्याजोगा आहे. त्याचे उत्तर ऐकण्याचे मोठेपण सांगून देता येणार नाही. ऐकल्यावाचून अडेल, असे काही संहितेत आणि वर्गात शिल्लक ठेवावे लागेल. आणि जे अडेल ते ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत असावे लागेल. यंदाच्या सत्रात ‘स्थानपोथी’तील एकेका गावाचा भाग विद्यार्थ्यांकडे सोपवून, पोथी हाती घेऊन त्या गावी जावे आणि ओटा सापडल्यावर, पोथीतले काय जुळले व काय जुळले नाही ते लिहून आणावे, असा स्वाध्याय मी ठेवला आहे. फोन बरोबर न्यावयास हरकत नाही. तो त्यांना गावापर्यंत नेईल. दार कोणीकडे होते, ते मात्र पोथीलाच विचारावे लागेल.