तीन मजले, एक वाय-फाय

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये टीव्हीमागे ठेवलेल्या एकाच राउटरवर तीन मजल्यांचे रो हाऊस भागवण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत सर्रास दिसतो, आणि तो फसतो तेव्हा त्याचे कारण बहुतेक वेळा राउटरच्या किमतीत किंवा इंटरनेटच्या वेगात नसून घराच्या बांधकामात असते. वाय-फायच्या रेडिओ लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत धावतात : २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची साडेपाच-सहा सेंटिमीटर असते. आरसीसी स्लॅबमधील सळ्यांची जाळी लहरींची काही ऊर्जा परतवते, आणि उरलेल्यातला मोठा भाग काँक्रीट व त्यात मुरलेला ओलावा शोषून घेतो. हे शोषण वारंवारितेबरोबर वाढत असल्यामुळे अधिक वेगवान असलेला ५ गिगाहर्ट्झचा पट्टाच स्लॅबपाशी आधी थकतो. त्यात भर म्हणजे उभ्या अँटेनाचा प्रसार मेदूवड्याच्या आकाराचा, म्हणजे आडव्या दिशेने सर्वाधिक आणि थेट वर-खाली सर्वांत कमी असतो. म्हणून फाटकापर्यंत उत्तम पोहोचणारा संदेश राउटरच्या बरोबर वरच्या खोलीत क्षीण झालेला आढळतो.

संदेशाची ताकद डीबीएम या एककात, म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत, ऋण आकड्यांनी मोजली जाते. या मापात दहाचा फरक म्हणजे दहापट, वीसचा फरक म्हणजे शंभरपट. उणे ५० आणि उणे ७० हे आकडे जवळचे वाटले तरी दुसऱ्या ठिकाणी पहिल्याचा शंभरावा हिस्साच उरलेला असतो. अधिक शक्तीचा राउटर आणून ही तूट भरून निघेल ही समजूत चुकीची आहे, कारण वाय-फाय हा दुतर्फी संवाद आहे : राउटरचा आवाज वरच्या मजल्यावर पोहोचला, तरी मोबाइलच्या लहानशा अँटेनाचे उत्तर खाली पोहोचेलच असे नाही.

दुसरा प्रचलित उपाय रिपीटरचा. रिपीटर म्हणजे मिळालेला संदेश पुन्हा प्रसारित करणारे उपकरण. ते एकाच वाहिनीवर आधी ऐकते आणि मग बोलते, त्यामुळे प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते आणि उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय जिथे संदेश मुळात पोहोचत नाही अशा खोलीत तो बसवला, तर पुन्हा पाठवण्यासारखे त्याच्याकडे फारसे काही नसते. त्यापेक्षा दोन मजल्यांच्या मधोमध, जिन्याच्या मोकळ्या जागेत तो ठेवणे निश्चितच शहाणपणाचे.

खरा उपाय आहे तारेचा. तळमजल्याच्या राउटरपासून प्रत्येक मजल्यापर्यंत कॅट-६ जातीची केबल, जी १०० मीटरपर्यंत भरवशाने चालते, नेऊन तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेतून आलेले जाळे हवेत पसरवणारे उपकरण, बसवावे. जुना राउटरही या कामी येतो, मात्र त्याला ॲक्सेस पॉइंटच्या पद्धतीवर आणणे अत्यावश्यक आहे. तसे न केल्यास तो स्वतःचे पत्ते वाटू लागतो, घरात दोन निराळी जाळी तयार होतात आणि तळमजल्यावरचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला सापडेनासा होतो. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सर्व मजल्यांवर अक्षरशः सारखा ठेवावा, वाहिन्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात : २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न चढता एकत्र चालतात, आणि तीन मजल्यांना त्या पुरतात.

नाव एकच ठेवले म्हणजे मजला बदलताच मोबाइल आपोआप जवळच्या उपकरणाकडे वळतो, हे अर्धेच खरे आहे. कोणाला कधी सोडायचे हा निर्णय जाळे नव्हे, मोबाइल घेतो, आणि काही मोबाइल खालच्या क्षीण संदेशाला हट्टाने चिकटून राहतात. त्यावर ८०२.११ या वाय-फायच्या मानकाचे तीन उपविभाग काम करतात : ‘के’ शेजारच्या उपकरणांची यादी पुरवतो, ‘व्ही’ कोठे जावे ते सुचवतो, आणि ‘आर’ सुरक्षेची ओळखपरेड लवकर उरकून चालू बोलणे तुटू देत नाही. बाजारातील मेश संचांत, म्हणजे एकमेकांशी जोडून एकत्र चालणाऱ्या उपकरणांच्या जोडणीत, या सोयी बहुधा असतात. तरीही असे संच हवेतून जोडण्याऐवजी तारेने जोडले, तरच स्लॅबचा अडथळा खऱ्या अर्थाने टळतो. ॲक्सेस पॉइंटची प्रसारणशक्ती मध्यम ठेवल्यासही मोबाइल वेळेवर हात सोडतो.

बांधून झालेल्या घरात ही तार जिन्याच्या कडेने केसिंग-पट्टीतून नेता येते, पण ती भिंतीवर कायमची दिसत राहते. म्हणून ज्यांचे घर अद्याप उभे राहायचे आहे त्यांनी विजेच्या पाइपांचा आराखडा ठरतानाच जिन्यालगत, विजेच्या तारांपासून वेगळा, तळापासून गच्चीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्यावा, त्यात ओढदोरी ठेवावी आणि प्रत्येक मजल्यावर त्याचे तोंड उघडे राहील असे स्लॅब भरण्याआधीच मिस्त्रीला सांगावे.