बहरात हलवलेले कांदे

डॅफोडिलचे कांदे हलवायचे ते पानं पिवळी पडून वाळल्यावर, म्हणजे जून-जुलैत, असं इथे इंग्लंडमध्ये कुणीही सांगेल. खरंच आहे ते. पण घर विकलं जातं ते काही कांद्यांना विचारून नव्हे!

माझ्या थोरल्या जाऊबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. लेस्टरचं त्यांचं घर विकायला निघालं आणि किल्ल्या देण्याचा दिवस ठरला नेमका एप्रिलमध्ये, बाग पिवळीधमक असताना. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्याआधी त्यांनी ते कांदे लावले होते. भाऊजी म्हणाले, "राहू दे. दुकानात ढिगानं मिळतात." मिळतात हो, पण मला हेच हवे होते.

इथल्या कायद्यानं जमिनीत रुजलेली झाडं घराबरोबरच विकली जातात. म्हणून वकिलाकडून करारात आधीच लिहून घेतलं. हे लक्षात ठेवा, बरं का!

फुलं आधी खुडली. बी धरण्यात कांद्याची ताकद कशाला घालवा? मग वीतभर खोल खणून, माती न झटकता, गड्डेच्या गड्डे उचलले. या दिवसांत मुळं तुटली की पुन्हा फुटत नाहीत, त्यामुळे सगळी मदार त्या मातीच्या ढेकळावर. ओलं गोणपाट गुंडाळून आणले आणि त्याच दिवशी तेवढ्याच खोलीवर लावून भरपूर पाणी घातलं. पानांना मात्र हात लावला नाही. काहीजणी नीटनेटकं दिसावं म्हणून पानांच्या गाठी मारतात, ते मला मुळीच पटत नाही. फुलं गेल्यावर निदान सहा आठवडे पानं हिरवी हवीत. त्यांनी केलेल्या अन्नावरच पुढच्या वर्षीची कळी कांद्याच्या पोटात तयार होते.

हातमोजे घाला, चिकानं खाज सुटते. आणि हे कांदे स्वयंपाकघरात आणू नका. दिसतात थेट आपल्या कांद्यासारखे, पण विषारी असतात.

स्नोड्रॉपचं तंत्र मात्र उलटं! ते फुलं ओसरल्यावर, पानं हिरवी असतानाच हलवलेले बरे.

सात गड्डे आणले होते. यंदा तिघांना नुसती पानं आली, चौघांना फुलं. भाऊजी बघायला आले, बराच वेळ वाकून बघत राहिले. आता ते लेकीकडे राहतात, तिथे गच्चीवर कुंड्या आहेत. जाताना दारात म्हणाले, "जूनमध्ये कधी येऊ, ते कळव."