सहा सिलिंडरचा स्वभाव

जोंगा या लष्करी गाडीला कुणी स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाही. चौकोनी अंग, जाड पत्रा, वळणावर दंडांचा कस पाहणारं स्टिअरिंग. पण बॉनेट उचललं की एका ओळीत उभे सहा सिलिंडर दिसतात, आणि जुन्या जॅग्वारवर जीव टाकणाऱ्या माणसाच्या मनात जे हलतं तेच आमच्याही मनात हलतं. शिवाय ही गाडी आमच्या गावची. मूळ वाण जपानच्या निसान पॅट्रोलचं. पण 1969 पासून पुढची तीस वर्षं ती घडली जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत. फॅक्टरीच्या भोंग्यावर ज्या घरांची घड्याळं लागायची, त्यांतल्याच एका मराठी घरात मी वाढलो.

लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जोंगा आज माझ्याकडे आहे. तिचं इंजिन बांधायचं आहे. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हा विचार रात्री डोळा लागेपर्यंत सोबत असतो.

‘भैया, डीज़ल डलवा लो,’ हा सल्ला पहिला येतो आणि तो वाईट नाही. 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन पोसणं प्रत्येकाला परवडणारं नव्हतं. म्हणून कितीतरी जोंगांत डिझेल इंजिनं बसली, आणि त्यामुळेच त्या भंगारात न जाता धावत राहिल्या. खुद्द फॅक्टरीनं 1996 मध्ये सामान्य ग्राहकांसाठी काढलेल्या जोंगाला हिनो बनावटीचं डिझेल इंजिन दिलं. तिकडे इंग्लंडात एमजीनंही 1973 मध्ये आपल्या चार सिलिंडरच्या एमजीबीत रोव्हरचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. तेव्हा इंजिन बदलणं हे काही पाप नव्हे. पण बदलल्यावर हातात उरते ती गाडी कोणती, याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं असतं.

माझं उत्तर या इंजिनाच्या चालण्यात आहे. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार या क्रमानं ठिणगी पडते. सहा दट्टे अशा जोड्यांनी वर-खाली होतात की त्यांचे धक्के एकमेकांत जिरून जातात आणि इंजिन मऊ चालतं. सिलिंडरचा व्यास 85.7 मिलिमीटर, तर दट्ट्याची धाव 114.3. लांब धावेचं हे इंजिन फार फिरायला राजी नसतं. कमी फेऱ्यांतच जोर धरतं आणि चढावर गिअर न बदलता ओढत नेतं. हा त्याचा स्वभाव. तो गेला तर मग फक्त पत्रा उरला.

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मिस्तरींनी ब्लॉक धुऊन टेबलावर ठेवला. ‘पहले नापेंगे, फिर बात करेंगे.’ बोअर गेज प्रत्येक सिलिंडरमध्ये उतरलं : वर, मध्ये, खाली; मग गेज काटकोनात फिरवून पुन्हा तसंच. आकडे खडूनं ब्लॉकवरच लिहिले गेले. माझं बोट धरून त्यांनी सिलिंडरच्या वरच्या टोकाशी नेलं. नखाला बारीक कड लागली. पिस्टनची रिंग तिथूनच माघारी फिरते. तिथे उष्णता सर्वांत जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ, म्हणून झीजही तिथेच. कित्येक वर्षांची दौड त्या कडेत नखाला कळत होती.

मोठ्या बोअरचा मोह तिथेच सुटला. व्यास एक मिलिमीटरनं वाढवला, तर 3956 चे साधारण 4049 सीसी होतात. हाती 93 सीसी लागतात आणि सिलिंडरची भिंत मात्र कायमची पातळ होते. म्हणून झीज निघेल तेवढंच बोरिंग, त्या मापाचे पिस्टन आणि रिंगा, एवढंच ठरलं.

खरी सुधारणा दुसरीकडे हवी आहे. हे इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं. ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला जपायचं. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, हवा सुधारली, ते योग्यच झालं. पण जुन्या हेडमध्ये आता कठीण धातूच्या सीट बसवायला हव्यात. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. म्हणून पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशरं सगळं नव्या जातीचं. पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली मावणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. जबलपूरच्या मे महिन्यासाठी साफ केलेला, जास्त जाळीचा रेडिएटर. वडीलधाऱ्यांना चष्मा करून द्यावा, तशी ही कामं : नजर सुधारते, माणूस तोच राहतो.

कायद्याचंही भान ठेवायला हवं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. आणि 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते ती मूळ रूप राखलं तरच. इंजिनात मोठा फेरबदल केला की तो हक्क जातो. हा नियम मला मनापासून पटतो.

पण नियमानं कागद जपला जातो, कसब नाही. नखानं कड ओळखणारी, बेअरिंग बसवताना पान्याच्या ताणावरून माप सांगणारी माणसं या शहरात आहेत, कारण इथे 1904 पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे आणि तिच्यामागून आलेले कारखाने आहेत. त्यांची ही पिढी आता थकत चालली आहे. म्हणून हे इंजिन पुण्या-मुंबईला पाठवायचं नाही. ते रिछाईतच बांधायचं, सावकाश, आणि आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या पोरांना शेजारी उभं करून. गेज त्यांच्या हातात द्यायचं, आकडे त्यांनाच लिहायला लावायचे. माझ्या सगळ्या योजनेत याहून मोठी सुधारणा दुसरी नाही.