कॅन्सर डब्यातून लागत नाही, पण हे कळलं कसं?



सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच डबा खायला लागली. तिच्या आईला स्तनाचा कर्करोग झालाय, हे गावात कळलं होतं. शेजारच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "बाई, आजी म्हणते तिच्या डब्यातलं खाऊ नको, कॅन्सर लागतो."

"लागत नाही" असं सांगणं सोपं आहे. पण मुलं लगेच विचारतात, "कशावरून?" म्हणून कुणाचंही नाव न घेता विज्ञानाच्या तासाला हाच प्रश्न घेतला. तो तास तुमच्याही उपयोगी पडेल.

शास्त्रज्ञ कारण कसं शोधतात? आधी नीट बघतात. 1775 मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांच्या लक्षात आलं, की लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग होतोय. त्यांनी बोट ठेवलं काजळीवर. पण नुसतं बघून संशय येतो, खात्री होत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर लावलं आणि 1915 मध्ये तिथे कर्करोग झालेला दाखवला.

त्याआधी अमेरिकेत पेटन राऊस यांनी वेगळंच काही पाहिलं होतं. कोंबडीची गाठ कुटून त्यांनी अर्क इतका बारीक गाळला, की त्यात एकही पेशी उरू नये. तो दुसऱ्या कोंबड्यांना टोचला, तर त्यांनाही गाठी झाल्या! कारण होता विषाणू. साल 1911. इथे वर्ग एका सुरात ओरडला, "म्हणजे लागतोच की, बाई!"

हा क्षण सोडू नका, खरी समज इथूनच येते. एक तर तो अर्क सुईने टोचला होता आणि विषाणू कोंबड्यांचा होता. दुसरं, 1976 मध्ये बिशप आणि वार्मस यांच्या गटाने दाखवलं, की विषाणूतलं ते गाठ करणारं जनुक मुळात कोंबडीच्या निरोगी पेशीतलंच होतं. पुढे 1982 मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत एका जनुकातलं फक्त एक अक्षर बदललेलं सापडलं. फळ्यावर 'दिन' लिहा, मग 'दीन' लिहा. वेलांटी बदलली, अर्थ बदलला. पेशी आपली माहिती उतरवून घेताना असंच होतं. अशा काही चुका साठत गेल्या की पेशी थांबायचं विसरते आणि वाढतच राहते. तंबाखूतली रसायनं या चुका वाढवतात.

म्हणजे कर्करोग आपल्याच पेशींत घडतो. दुसऱ्याची पेशी अंगात शिरली तरी आपली प्रतिकारशक्ती तिला परकी ओळखते आणि सहसा टिकू देत नाही. डब्यातल्या भाजीतून तर तो येतच नाही. हो, हिपॅटायटिस बीसारखे काही विषाणू कर्करोगाचा धोका वाढवतात, हेही मुलांना सांगा. पण तोसुद्धा डब्यातून किंवा शेजारी बसल्याने पसरत नाही आणि त्याची लस बाळाला देतात.

आपल्या मातीतलं उदाहरणही द्या. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर अभ्यास करून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा वाटा त्यांनी तपासला. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. हे ऐकताना मुलींचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पालकहो, एक विनंती. ज्या घरात हा आजार आहे, त्या घरच्या लेकराला औषधाइतकीच सोबतीची गरज असते. आपल्या मुलांना त्याच्यापासून दूर बसवू नका. दूर ठेवायचंच असेल, तर घरातली तंबाखूची पुडी दूर ठेवा. पुरावा तिच्याविरुद्ध आहे, डब्याविरुद्ध नाही.