विमानाचा पंख आणि माझी जीभ

आमच्या जामसरवरून विमाने जातात. फार उंचावरून जातात. लहानपणी आम्ही गुरे सोडून त्यांना हात करायचो. खालून पाहिले की पंख कसा एकसंध, जणू एका पात्याचा कापलेला दिसतो. त्या पंखाला मागे आणखी काही जोडलेले असते, हे मला कालपरवापर्यंत माहीत नव्हते. माहीत नव्हते, तरी मी त्यावर बोललो. त्याचीच ही हकिगत.

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग 787 विमान आकाशात चढताच खाली आले आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील 242 जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरची 19 माणसेही गेली. त्या दिवसांत आमच्याकडे राब भाजून झाले होते आणि पेरणी तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे माणसे जमली असता एका आजोबांनी मला विचारले, "काय रे, तू कॉलेजात जातोस. विमान कशानं पडलं?"

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. त्यामुळे मी इतिहास शिकतो की राज्यशास्त्र, याच्याशी गावाला कर्तव्य नाही. शिकलेल्याला सगळेच ठाऊक असते. मला मात्र "माहीत नाही" म्हणण्याची लाज वाटली. आदल्या रात्री मोबाईलवर एक चित्रफीत पाहिली होती. तीतलेच ठोकून दिले : "पंखाला मागं फ्लॅप असतात. पायलटला चाकं आत घ्यायची होती, त्यानं चुकून फ्लॅप आत घेतले." संध्याकाळी शेजारच्या पाड्यावरचा एक जण हीच बातमी मला सांगू लागला. "पक्की आहे," म्हणाला, "कॉलेजातल्या पोरानं सांगितली."

बरोबर महिन्याने, 12 जुलैला, तपासाचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात म्हटले होते की जळालेल्या कॉकपिटमध्ये फ्लॅपचा दांडा 5 अंशांच्या खाचेत पक्का बसलेला सापडला. उड्डाणासाठी ती अगदी योग्य जागा. दोन्ही इंजिनांचे इंधन उड्डाणानंतर लगेच तुटल्याचे नोंदयंत्राने दाखवले होते. ते का तुटले, याचा निकाल त्या अहवालाने दिला नव्हता. फ्लॅपचा दोष मात्र नव्हता. म्हणजे मी दोन मेलेल्या माणसांवर एक खोटा आळ घातला होता, आणि तोही ज्या वस्तूवरून घातला ती वस्तू लोखंडाची की कापडाची हे ठाऊक नसताना!

कॉलेज सुरू झाल्यावर मी पदार्थविज्ञानाच्या सरांकडे गेलो. कला शाखेचा विद्यार्थी विमानाचे विचारतो याचे त्यांना नवल वाटले, पण त्यांनी बसवून घेतले. "एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा तिरका धरलास तर काय होते?" त्यांनी विचारले. हात वर उचलला जातो, हे घाटातून येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पंखाची उचल ती हीच. पण वेग निम्मा झाला की उचल चौथ्या हिश्शावर येते. आकाशात ताशी 800 किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानाला उतरताना 250-260 पर्यंत यावे लागते. वेगासाठी केलेला सडपातळ पंख तेव्हा अपुरा पडतो. मग पंखच बदलावा लागतो. फ्लॅप पंखाच्या पोटातून मागे सरकतात आणि खाली वाकतात. पंख रुंद होतो आणि त्याला बाक येतो. भाताच्या खाचरात उतरणारा बगळा पंख पसरून वाकवतो, तसेच.

हे हलते कसे? वैमानिकाने दांडा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत नेला की विमानाच्या मध्यावरचे यंत्र, बहुधा तेलाच्या दाबावर चालणारे, फिरू लागते. त्याला जोडलेले लांब दांडे दोन्ही पंखांतून गेलेले असतात. बोइंग 737 मध्ये हे दांडे जागोजागी आट्यांचे स्क्रू फिरवतात. टायर बदलताना जॅकचा स्क्रू फिरवला की त्यावरची नट सरकते, तशी इथे नट सरकते आणि फ्लॅपला रुळावरून मागे ढकलते. एका बाजूचा फ्लॅप आला आणि दुसरा राहिला तर विमान कलंडेल. म्हणून दोन्हींत फरक पडताच यंत्रणा त्यांना जागीच थांबवते. फ्लॅपमुळे हवेचा अडथळाही वाढतो, म्हणून उड्डाणाला थोडे आणि उतरताना पुष्कळ, असा हिशेब असतो.

"फ्लॅप न लावल्याने विमाने पडली आहेत," सर म्हणाले. 16 ऑगस्ट 1987 रोजी डेट्रॉइटला 156 माणसे गेली, 20 ऑगस्ट 2008 रोजी माद्रिदला 154. दोन्ही वेळा धोक्याचा इशाराही वाजला नाही. "पण ते तपासाने ठरले, पुराव्याने. तू कशाने ठरवलेस?" मी खाली पाहत राहिलो.

दिवाळीत चुलतभावाकडे घाटकोपरला गेलो होतो. तो तिथे बांधकामावर आहे. संध्याकाळी गच्चीवरून उतरणारी विमाने पाहिली. इतकी खालून जातात की छातीत धडधडते. पंखाची मागची कड पूर्ण उघडलेली होती. फ्लॅप खाली झुकलेले, मध्ये फट, खाली होडीच्या आकाराची आवरणे. जामसरवरून जाणारा तो एकसंध पंख हाच! अहमदाबादच्या त्या दोन्ही वैमानिकांचा तळ मुंबईच होता, असे अहवालात वाचले होते. याच घरांवरून ते कितीदा असे फ्लॅप सोडून सावकाश उतरले असतील.

गावी परतल्यावर दुकानापुढे जाऊन मी आजोबांना म्हणालो, "जूनमध्ये सांगितलं ते खोटं होतं. फ्लॅप बरोबर होते."

आजोबांनी विडी विझवली. "मग तेव्हा का सांगितलंस?"

"मला माहीत नव्हतं."

"तेवढंच सांगायचं होतंस की," ते म्हणाले.

बाजूच्या पाड्यावर मी अजून गेलेलो नाही. तिथे ती बातमी अजूनही 'पक्की' आहे. या रविवारी जायचे ठरवले आहे.