अपेक्षेचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमचा नातू स्क्वॉशचा सामना हरून घरी आला आणि हसत म्हणाला, "आजोबा, माझे रेटिंग वाढले!" आम्ही चाट पडलो. हरलेल्याचे वाढते कसे? राज्य शासनाच्या नोकरीत आम्ही पस्तीस वर्षे काढली. तेथे जिंकलेल्याचेही वाढताना क्वचितच पाहिले.

इंदूरच्या वाड्यात आमचे बालपण गेले ते पत्ते आणि बुद्धिबळाच्या संगतीत. बंद खोलीत भिंतीवर रबरी चेंडू मारण्याचा हा खेळ आम्हांस परकाच. पण त्याच्या हिशेबाचे मूळ बुद्धिबळातच निघाले. हंगेरीत जन्मलेले आर्पाद एलो अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत तेथील बुद्धिबळ संघाने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिचेच तत्त्व पुढे इतर खेळांनी थोड्याफार फरकाने उचलले.

नातवाने कागदावर आकडे मांडून दाखविले. सामन्यापूर्वीच दोघांच्या गुणांकांतील अंतरावरून अपेक्षा काढायची. अंतर शून्य असेल तर ती निम्मी-निम्मी. अंतर २०० असेल तर वरचढाकडून शंभरांत सुमारे ७६ विजयांची अपेक्षा, दुसऱ्याकडून २४ची. मग प्रत्यक्ष निकालातून ही अपेक्षा वजा करायची आणि उरलेल्या अंशाला एका ठरावीक आकड्याने, समजा २०ने, गुणायचे. वरचढ जिंकला तर त्याच्या पदरात जेमतेम ५ गुण पडतात. दुबळा जिंकला तर १५. एकाला मिळतात तेवढे दुसऱ्याचे जातात. नवख्यासाठी तो आकडा मोठा धरतात, कारण त्याच्याविषयीचा अंदाज अजून कच्चा असतो. स्क्वॉशमध्ये काही ठिकाणी जय-पराजयाबरोबर गेममधील गुणही मोजले जातात. आमचे चिरंजीव तीन सरळ गेममध्ये हरणार, असे आकड्यांचे भाकीत होते. ते पाचव्या गेमपर्यंत झुंजले आणि ११-९ असे हरले. म्हणून हरूनही वाढ!

नातू झोपी गेला. आम्हांस मात्र झोप येईना. झाबुआ जिल्ह्यातील आमची तहसीलदारकी आठवत राहिली. अवर्षणाचे वर्ष, निम्मी गावे मजुरीसाठी गुजरातेत गेलेली, घरांना कुलपे. त्या वर्षी जी काही वसुली झाली ती पायपिटीने झाली. आमच्या गोपनीय अहवालात श्रेणी आली 'ख'. माळव्याच्या सुपीक तहसिलीतील स्नेह्याला 'क+' मिळाली. त्याच्याविषयी आमच्या मनात किल्मिष नाही. पण दोघांना एकाच गजाने मोजले, जमिनीचा उतार कोणी पाहिला नाही. बढती चार वर्षे लांबली. प्रत्येक श्रेणी संबंधितास कळविलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त खटल्यात सांगितले ते २००८ साली. तोवर आमची फाईल केव्हाच बंद झाली होती.

एवढेच असते तर ते रडगाणे आम्ही तुमच्यापुढे मांडले नसते. खरी टोचणी वेगळी आहे. त्याच वर्षी आमच्या हाताखालच्या एका राजस्व निरीक्षकाचा अहवाल आम्हीच लिहिला होता. त्याच्याकडे डोंगराकडची सर्वांत दूरची गावे होती. आम्ही त्याचे आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवले आणि 'ग' लिहून मोकळे झालो. ज्या गजाने मार खाल्ला, तोच गज आम्ही दुसऱ्याच्या पाठीवर उगारला, आणि तेव्हा ते जाणवलेही नाही.

चार दिवसांनी पत्ता काढून आम्ही त्यांना दूरध्वनी केला. आता ते सत्तरी ओलांडून गेले आहेत. क्षेमकुशल झाले. आम्ही अडखळत विषय काढला, तसे ते हिंदीत म्हणाले, साहेब, ते तर केव्हाच विसरलो. मग क्षणभर थांबून त्यांनीच विचारले, "१९९३ची गोष्ट ना?"

विसरलेल्या माणसाला साल आठवत नाही. आम्ही क्षमा मागितली. ते हसले आणि नातवंडांची चौकशी करू लागले.

नातवाचे रेटिंग पुढच्या सामन्यात घसरले. त्याला त्याचे काही वाटले नाही. येत्या रविवारी पुन्हा खेळायचेच आहे, म्हणाला.