चिकटपट्टीखालचे नाव

जुन्या रजिस्टरचे फाटके पान कोणीतरी पारदर्शक चिकटपट्टीने जोडलेले असते, आणि नेमके आडनाव किंवा जन्मतारीख त्या पट्टीखाली तपकिरी होऊन बसलेली असते. हे मला वर्षानुवर्षे सलत आले आहे. वाळवीने, उंदराने, पावसाने कागद खाल्ला तर मन कशीबशी समजूत घालते. इथे कागद वाचवायला निघालेल्या हातानेच अक्षर घालवले. त्याहून सलते ती पुढची पायरी. पट्टी वाईट हे कळल्यावर माणसे तीच पट्टी ओढून काढायला बसतात, कोणी इस्त्री फिरवतो, कोणी रॉकेलचा बोळा घासतो. पट्टी निघायला हवीच. पण ती कधी आणि कशी काढायची हे डोळ्याला खुपणाऱ्या डागावरून ठरवू नये. खालची शाई आणि खालचे चामडे काय सोसेल यावरून ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न संग्राहकांच्या हौसेपुरता नाही. इंग्रजी अमलातला बासीम जिल्हा १९०५ साली मोडला, आजचा जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला. अशा उलथापालथीत दप्तरे हलतात, आणि हलवताना पाने सुटतात. त्यात जातीचा दाखला काढायचा तर मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. ज्या जिल्ह्यात बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी आहे, तिथल्या बंजारा घरांना १९६१ ही तारीख कोणी समजावून सांगावी लागत नाही. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर किंवा गावच्या जन्ममृत्यूंचे कोतवाल बुक यातली एक ओळ म्हणजे नातवाचा प्रवेश आणि नोकरी. एका ओळीसाठी तेच पान पन्नास वेळा उलटले जाते, फाटते, आणि मग टेबलाच्या खणातून चिकटपट्टी बाहेर येते.

ही पट्टी करते काय, ते नीट पाहायला हवे. सेलोफेनची पारदर्शक पट्टी अमेरिकेत १९३० साली बाजारात आली. तिचा गोंद रबर आणि राळ यांचा. सुरुवातीला तो कागदाच्या वर बसतो, तेव्हा ती अलगद निघू शकते. पुढे हवेतला ऑक्सिजन त्यावर काम करतो, गोंद पिवळा पडतो, मऊ आणि तेलकट होतो आणि कागदाच्या तंतूंत उतरतो. कागद तेलात बुडवल्यासारखा आरपार दिसू लागतो, बॉलपेनची शाई आणि जांभळ्या शिक्क्याचा रंग त्या तेलात पसरतात. शेवटी वरचा पापुद्रा आपोआप गळून पडतो आणि खाली कडक, ठिसूळ, तपकिरी पट्टा उरतो, जो बहुतेक द्रावकांना दाद देत नाही. उष्णता हा सगळा प्रवास वेगाने घडवते. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत कागदाला विसावा कुठला? जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक वाचणाऱ्याला विनवीत असत की पोथीला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जप. त्यातले पहिले भय तेलाचे होते. आपण सैल पान आवळायला गेलो आणि तेलच लावून बसलो.

आता काढण्याकडे येऊ. ‘अमुक रसायन लावा, पट्टी सुटते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे सांगणे खोटे नसते, अपुरे असते. पट्टी सुटते, पण तिच्याबरोबर काय सुटते ते शाईवर अवलंबून. वाशीम जिल्ह्यातल्याच कारंजा लाडच्या जैन ग्रंथभांडारांतल्या हस्तलिखितांनी दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य विसाव्या शतकातल्या अभ्यासकांच्या हाती दिले. हिरालाल जैनांनी १९३३ साली त्याचे ‘णायकुमारचरिउ’ संपादून छापले. अशा पोथ्यांची शाई बहुधा काजळीची. काजळीला अॅसिटोन किंवा स्पिरिट फारसे काही करत नाही, पण तिला धरून ठेवणारा डिंक पाण्याने सुटतो, म्हणून तिथे ओला बोळा घातक. इंग्रजी काळातल्या रजिस्टरची लोहयुक्त शाई वेगळी: तिला पाणी लागले की लोह आजूबाजूला पसरते आणि कागद जळल्यासारखा होतो. आणि रबरी शिक्का, कॉपिंग पेन्सिल, बॉलपेन यांना स्पिरिट लागले की रंग वाहून जातो. एकाच पानावर या तिन्ही शाया असू शकतात. पानाच्या कोपऱ्यात, प्रत्येक शाईवर, काडीच्या टोकाएवढ्या कापसाने आधी चाचणी घेतल्याशिवाय जो बाटलीचे झाकण उघडतो, तो मदत करत नाही.

चामड्याचे तर याहून अवघड. जुन्या वह्यांची पाठ आणि कोपरे चामड्याचे असत. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे दूषित हवेने कालांतराने आतून कुजते आणि तांबूस भुगा होऊन बोटाला लागते; त्यावरची पट्टी ओढली की वरचा सालपटासारखा थर पट्टीबरोबर येतो. द्रावकाने रंग आणि स्निग्धांश निघून जातो, आणि जीर्ण चामडे नव्यापेक्षा कितीतरी कमी उष्णतेला आक्रसते, म्हणून गरम हवेचा उपायही बेभरवशाचा. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांचे उदाहरण जगाला ठाऊक आहे. १९४७पासून सापडत गेलेले ते बहुतांशी कातड्यावरचे तुकडे १९५०च्या दशकात विद्वानांनीच चिकटपट्टीने जोडले. गोंद उतरला, कडा काळवंडल्या. १९९१ साली इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने त्यासाठी प्रयोगशाळा उघडली, आणि एकेका तुकड्यावरची पट्टी काढण्याचे काम तेव्हापासून मुंगीच्या पावलांनी चालले आहे. त्याआधीच्या सफाईत वापरलेली रसायने आणि गोंदही पुढच्यांना निस्तरावे लागले.

यावर कोणी म्हणेल, स्कॅन झाले की मूळ पानाचे कौतुक कशाला? स्कॅन जरूर करा, पट्टीला हात लावण्याआधी करा. पण जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत शंका आली की दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहते, स्कॅन पाहत नाही. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती इथेच. पट्टी ओढताना आडनावाची दोन अक्षरे उचलली गेली, कागदाचे तंतू वर आले, त्या जागी चकाकी आली, की तपासणाऱ्याच्या डोळ्याला ती खाडाखोड दिसते. रंग उडालेला, पृष्ठभाग खरवडलेला, आजूबाजूची शाई वेगळी: बनावट नोंदीचीही हीच लक्षणे. पट्टीखाली अस्पष्ट असलेले नाव भिंगाने, तिरप्या उजेडात अजून वाचता येते. ओढून उडवलेले नाव कोणालाच वाचता येत नाही, आणि ज्याचे ते नाव, त्याच्या नातवावर संशय येतो. त्याने तर पट्टी लावली नव्हती, काढलीही नव्हती. हा अन्याय मला कोणत्याही हिशोबात बसवता येत नाही.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. थांबा म्हणणे सोपे. थांबल्याने गोंद आणखी उतरतो. मघाशी मी घाईवर रागावलो, पण गोंद तेलकट झाला आहे आणि कडक व्हायचा आहे अशा मधल्या अवस्थेत उशीर करणेही नुकसानच. तेव्हा पान पुराभिलेखागारासारख्या जाणत्या ठिकाणी न्यावे, आणि तोवर थंड जागी, दोन कोऱ्या कागदांत, इतर पानांपासून वेगळे ठेवावे. कडक होऊन गेलेला डाग असेल तर घाईचे कारणच उरत नाही; तो डाग राहिला तरी चालेल असे माझे मत आहे. आणि पट्टी लावणाऱ्यावरचा माझा रागही विचार करता टिकत नाही. पान गळून हरवू नये असे त्या कार्यालयात किंवा घरात एका माणसाला तरी वाटले होते.

त्याच्या हाती दुसरे काही द्यायला हवे, आणि ते महाग नाही. जगभरचे संवर्धक फाटका कागद जोडायला लांब तंतूंचा पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती खळ ओलाव्याने पुन्हा सुटते. तो स्टार्च म्हणजे आपल्याकडचा गव्हाचा चीक. कुरडयांसाठी उन्हाळ्यात गहू भिजवून, वाटून, गाळून तळाशी बसतो तोच. मीठ न घालता, पाण्यात शिजवून, गाळून, थंड करून अगदी थोडा लावायचा. दप्तरबांधणीच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालण्याची जुनी रीत मात्र सोडावी. त्यातले तांबे कागदाला पोखरते. काजळीच्या आणि लोहाच्या शाईवर ही खळही नको, फक्त फाटलेल्या कोऱ्या कडेवर, मागच्या बाजूने, बोटभर रुंदीच्या कागदाने.